मागच्या दाराने प्रयोगशाळेत शिरलेली रोझलिन

उमरेड तालुक्यातल्या गावात आशाताईच्या पिशवीत औषधाच्या गोळ्यांसोबत एक लहानशी पट्टी असते. राष्ट्रीय आरोग्य अभियानाने तिला निश्चय हे नाव दिले आहे. लघवीचे दोन-तीन थेंब टाकायचे, पाच मिनिटे थांबायचे. एक गुलाबी रेघ आली तर काही नाही, दोन आल्या तर दिवस गेलेले आहेत. मिरच्या तोडायला जाणारी बाई असो की कोळसा खाणीच्या भोवतालच्या वस्तीतली, तिच्या पोटातली बातमी सासूच्या आणि नवऱ्याच्या आधी तिला स्वतःला कळते. आमच्या आजीच्या पिढीला हे भाग्य नव्हते. पोट दिसू लागले की गावाला कळायचे, आणि तोवर बाईच्या हातात ठरवण्यासारखे फारसे काही उरलेले नसायचे.

ही पट्टी ज्या विज्ञानातून आली त्याचा पाया न्यूयॉर्कमधल्या एका सरकारी दवाखान्यात घातला गेला. सफाई कामगाराचे झाडू-बादल्या ठेवायची जी खोली असते, तीच तिथली पहिली प्रयोगशाळा होती. तिथे काम करणाऱ्या बाईचे नाव रोझलिन यॅलो. मादाम क्युरी आमच्या वाचकांना शाळेच्या पुस्तकातून ठाऊक आहेत. यॅलोबाई पुस्तकात नाहीत. म्हणून आज त्यांचे आयुष्य सांगायचे आम्ही ठरवले आहे.

रोझलिन सुसमनचा जन्म १९ जुलै १९२१ रोजी न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात झाला. घर ज्यू. वडील सायमन हे पूर्व युरोपातून आलेल्या निर्वासित कुटुंबातले, आई क्लारा चार वर्षांची असताना जर्मनीहून आलेली. दोघांपैकी एकानेही हायस्कूलचे शिक्षण घेतलेले नव्हते. पण मुलगा आणि मुलगी दोघेही कॉलेजात जातील याबद्दल त्या घरात कधी शंका घेतली गेली नाही. घरात पुस्तके नव्हती. मोठा भाऊ अलेक्झांडर दर आठवड्याला तिला सार्वजनिक वाचनालयात घेऊन जायचा, वाचलेली पुस्तके परत करायची आणि नवी आणायची. बालवाडीत जाण्यापूर्वीच ती वाचू लागली होती. आमच्या वस्त्यांतल्या बुद्धविहारांत सतरंजी आणि एक कपाट घेऊन जी वाचनालये उभी राहिली, त्यांना कमी लेखणाऱ्यांनी ही गोष्ट लक्षात ठेवावी. अशाच एका फुकटच्या कपाटातून पुढे नोबेल पारितोषिक निघाले आहे.

पुढे ती हंटर कॉलेजात गेली. न्यूयॉर्क शहराने चालवलेले हे मुलींचे कॉलेज, फी नाही. म्हणजे रोझलिनचे शिक्षण हे सरकारी खर्चाने झालेले शिक्षण आहे. आजकाल शिक्षणाचा खर्च सरकारच्या अंगावर का, असे विचारणारे विद्वान पुष्कळ झाले आहेत. त्यांना हे सांगावेसे वाटते. घरच्यांची इच्छा होती की पोरीने प्राथमिक शाळेत शिक्षिका व्हावे. त्या काळी ज्यू मुलीला याहून बरी नोकरी मिळेल असे कुणाला वाटत नव्हते. पण मेरी क्युरींचे त्यांच्या मुलीने लिहिलेले चरित्र तिच्या हाती पडले आणि तिने भौतिकशास्त्र धरले. जानेवारी १९३९ मध्ये एन्रिको फर्मी कोलंबिया विद्यापीठात अणूच्या विखंडनावर बोलायला आले, तेव्हा खच्चून भरलेल्या त्या सभागृहात ही अठरा वर्षेही पूर्ण न झालेली पोरगी जागा करून बसली होती.

कोलंबिया! आमच्या वाचकांना या नावाची ओळख करून द्यायची गरज नाही. १९१३ मध्ये बाबासाहेब याच विद्यापीठात पोहोचले होते. महारवाड्यातल्या मुलाला तिथे ग्रंथालयाचे दार उघडे सापडले, त्याने त्याचे सोने केले. अमेरिका म्हणजे समतेचा स्वर्ग असे मात्र कुणी समजू नये. काळ्या माणसांचे सोडाच, गोऱ्या कातडीच्या ज्यू मुलीलाही तिथे दार उघडे नव्हते.

पदवीच्या सुमाराला रोझलिनच्या प्राध्यापकांनी तिच्यासाठी एका विद्यापीठाला पत्र लिहिले. उत्तर आले ते असे, की मुलगी न्यूयॉर्कची आहे, ज्यू आहे आणि बाई आहे. पुढे तिला नोकरी लागेल याची हमी तुम्ही देत असाल तर आम्ही तिला घेऊ. अशी हमी कोण देणार? गुणांचा, बुद्धीचा प्रश्नच नव्हता. जन्माचा प्रश्न होता. हे उत्तर वाचताना आम्हाला परके काहीच वाटले नाही. मुलाखतीच्या खोलीत आडनाव ऐकल्यावर समोरच्यांचे चेहरे कसे बदलतात हे आमच्या पोरांना कुणी शिकवावे लागत नाही.

मग एक मागचे दार सुचवण्यात आले. कोलंबियाच्याच वैद्यकीय महाविद्यालयात रुडॉल्फ शोनहायमर नावाचे जीवरसायनशास्त्रज्ञ होते. त्यांच्याकडे अर्धवेळ सेक्रेटरी म्हणून काम करायचे, आणि त्या ओळखीवर पदव्युत्तर वर्गात जमले तर शिरायचे. अट एकच, लघुलिपी शिकायची. भौतिकशास्त्रात चमकलेली मुलगी लघुलिपीच्या वर्गात जाऊन बसली. यातली गंमत पुढची आहे. शोनहायमर स्वतः हिटलरच्या जर्मनीतून बाहेर पडलेले ज्यू होते, आणि अणूंवर खूण करून शरीरात एखादा पदार्थ कुठे कुठे जातो याचा माग काढण्याची विद्या उभी करणाऱ्या पहिल्या काही माणसांपैकी होते. पुढे रोझलिनने जगाला जे दिले त्याचे मूळ तिच्या टाइपरायटरच्या पलीकडच्या खोलीत चालू होते. ती मात्र तिथे पत्रे टंकलेखित करायला होती.

फेब्रुवारी १९४१ मध्ये इलिनॉय विद्यापीठातून सहायक अध्यापकाच्या जागेचे पत्र आले. तिने लघुलिपीची पुस्तके फाडून टाकली. दुसरे महायुद्ध सुरू होते, तरुण मुले सैन्याकडे ओढली जात होती, वर्ग रिकामे होत होते, म्हणून ही जागा निघाली. युद्ध नसते तर दार उघडले असते का, हा प्रश्न विचारायला हरकत नाही. तिथे अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या सुमारे ४०० अध्यापकांत ती एकटी बाई. १९१७ नंतरची पहिली. सगळ्या विषयांत अव्वल श्रेणी आणि एका प्रयोगशाळेच्या विषयात किंचित खाली, असा निकाल लागला तेव्हा विभागप्रमुखांनी त्यातून काय निष्कर्ष काढला? बायकांना प्रयोग जमत नाहीत याचा हा पुरावा, असा! एका श्रेणीतली एवढीशी उणीव अख्ख्या स्त्रीजातीच्या नावावर टाकली गेली. आमच्या मुलांचा एखादा पेपर राहिला की सगळ्या आरक्षणावर बोट ठेवले जाते, तसेच हे.

१९४३ मध्ये तिने सहाध्यायी ॲरन यॅलो यांच्याशी लग्न केले. १९४५ मध्ये अणुकेंद्रीय भौतिकशास्त्रात डॉक्टरेट मिळाली. न्यूयॉर्कला परतल्यावर काही काळ इंजिनिअर म्हणून काम, मग आपल्याच हंटर कॉलेजात शिकवणे. डिसेंबर १९४७ पासून ब्राँक्सच्या माजी सैनिकांच्या रुग्णालयात अर्धवेळ. झाडू-बादल्यांच्या खोलीची गोष्ट इथली. युद्धानंतर किरणोत्सारी द्रव्ये वैद्यकीय कामासाठी मिळू लागली होती, पण ती मोजायची यंत्रे बाजारात धड मिळत नव्हती. यॅलोबाईंनी ती स्वतः जुळवली.

१९५० मध्ये सॉलोमन बर्सन हे तरुण डॉक्टर त्यांच्याबरोबर आले. तेही ज्यू निर्वासिताचा मुलगा. बर्सन यांनी वैद्यकीय शिक्षणासाठी २१ महाविद्यालयांत अर्ज केले होते आणि २१ ठिकाणांहून नकार आला होता. अमेरिकेच्या वैद्यकीय महाविद्यालयांत त्या काळी ज्यूंच्या प्रवेशावर कमाल मर्यादा असे. आम्ही ज्या राखीव जागा मागतो त्या बाहेर ठेवलेल्यांना आत घेण्यासाठी असतात. ही मर्यादा आत येऊ पाहणाऱ्यांना बाहेर ठेवण्यासाठी होती. दोन्हींना कोटा हा एकच शब्द वापरून घोळ घालणाऱ्यांपासून सावध राहिले पाहिजे. तर एकाला डॉक्टरकी नाकारलेली, दुसरीला भौतिकशास्त्र नाकारलेले, अशी ही जोडी. बर्सन यांना शरीर कळत होते, यॅलोबाईंना अणू. दोघांनी एकमेकांना शिकवले आणि बावीस वर्षे बरोबर काम केले.

या शोधाची सुरुवात मधुमेहापासून झाली. इन्शुलिनला किरणोत्सारी आयोडीनची खूण लावून ते त्यांनी रुग्णांच्या शरीरात सोडले. ज्यांनी आधी इन्शुलिनची इंजेक्शने घेतली होती त्यांच्या रक्तात ते लवकर नाहीसे होण्याऐवजी जास्त वेळ राहत होते. का? कारण बाहेरून आलेल्या त्या इन्शुलिनविरुद्ध शरीराने प्रतिपिंडे तयार केली होती आणि ती इन्शुलिनला धरून ठेवत होती. इतक्या लहान रेणूविरुद्ध प्रतिपिंडे तयार होतच नाहीत, असे तेव्हाच्या पंडितांचे पक्के मत. दोन नामवंत नियतकालिकांनी शोधनिबंध परत पाठवला. त्यातल्या एकाने तो अखेर १९५६ मध्ये छापला, तोही शीर्षकातून प्रतिपिंड हा शब्द काढायला लावून. शास्त्रालाही शंकराचार्य असतात! यॅलोबाईंनी ते नकाराचे पत्र जपून ठेवले आणि वीस वर्षांनी नोबेल व्याख्यानात जगाला दाखवले.

याच शोधातून मोजण्याची रीत निघाली. ती समजायला अवघड नाही. एका नळीत ठरावीक प्रतिपिंडे घ्या, म्हणजे ठरावीक खुर्च्या मांडा. खूण लावलेले ठरावीक इन्शुलिन टाका, ते खुर्च्यांवर बसेल. आता रुग्णाचे रक्त टाका. त्यातले बिनखुणेचे इन्शुलिनही त्याच खुर्च्यांसाठी धडपडेल आणि खूणवाल्यांना उठवेल. जितके जास्त उठले, तितके रक्तात इन्शुलिन जास्त. किरणोत्सार मोजला की आकडा मिळाला. रुग्णाच्या अंगात किरणोत्सारी काही घालावे लागत नाही, सगळे काम नळीत होते. १९५९-६० मध्ये हे जगापुढे आले आणि त्याला रेडिओइम्युनोॲसे असे नाव पडले. बारकाई किती? एक चौरस किलोमीटरचा तलाव घ्या, त्यात एक मीटर पाणी आहे समजा, आणि त्यात एक ग्रॅम मीठ विरघळवा. त्या पाण्याच्या एका थेंबात मीठ किती आहे हे सांगण्याइतकी बारकाई पुढे या रीतीने गाठली.

आता गर्भवतीकडे येऊ. दिवस गेले की वार तयार होताना एक संप्रेरक रक्तात आणि लघवीत उतरते, त्याला एचसीजी म्हणतात. बर्लिनच्या आशहाइम आणि झोंडेक यांनी १९२० च्या दशकाच्या अखेरीस त्यावर चाचणी काढली. बाईची लघवी उंदराच्या पिल्लांना टोचायची, काही दिवसांनी त्यांना मारून अंडाशय पाहायचे. पुढे सशांवर आणि बेडकांवरही अशा चाचण्या चालल्या. हे दोघेही ज्यू, आणि नाझी सत्तेवर येताच दोघांनाही देश सोडावा लागला. एका प्राण्याचा जीव घेऊन, चार-पाच दिवस घालवून उत्तर काय मिळायचे, तर हो किंवा नाही. ही सोयही शहरातल्या मोठ्या दवाखान्यांत. उमरेडच्या बाजूच्या खेड्यातली बाई बर्लिनच्या उंदरापासून जितकी दूर होती तितकीच मुंबईच्या उंदरापासूनही.

यॅलो-बर्सन यांच्या रीतीने उंदीर गेला आणि आकडा आला. तरी एक अडचण होती. एचसीजी दोन भागांचे बनलेले असते. त्यातला एक भाग बाईच्या शरीरात एरवीही असणाऱ्या दुसऱ्या संप्रेरकांशी तंतोतंत सारखा, त्यामुळे प्रतिपिंडे फसत. १९७२ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतील ज्युडिथ व्हायटुकायटिस या बाईंनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दुसऱ्या, बीटा भागालाच ओळखणारी प्रतिपिंडे वापरून ही फसगत थांबवली. आज डॉक्टरांच्या चिठ्ठीवर बीटा एचसीजी लिहिलेले असते ते यामुळे. आशाताईच्या पट्टीत किरणोत्सार नाही, तिथे प्रतिपिंडांवर सोन्याचे सूक्ष्म कण बसवलेले असतात, गुलाबी रेघ त्यांची. मोठ्या लॅबमध्येही आता बहुधा प्रकाश देणारी रसायने वापरतात. पण हार्मोनला प्रतिपिंडाने पकडून मोजायचे, हे सूत्र ब्राँक्सच्या त्या खोलीतले.

आपल्या महाराष्ट्राचाही यात भाग आहे. तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातून निघालेल्या विद्येवर नवी मुंबईत अशा तपासण्यांचे संच तयार झाले. परळच्या प्रजनन संशोधन संस्थेच्या आणि केईएम रुग्णालयाच्या कामातून १९८६ मध्ये मुंबईत टेस्ट ट्यूब बाळ जन्मले. संप्रेरके मोजता आली नसती तर बीज केव्हा घ्यायचे हेच कळले नसते.

आणि एवढे मोठे साधन हाती आल्यावर या दोघांनी त्याचे पेटंट घेतले नाही. घेतले असते तर पैसा अमाप मिळाला असता. उलट, जो येईल त्याला त्यांनी आपल्या प्रयोगशाळेत ही रीत शिकवली. ज्यांना दारातून परत पाठवले होते त्यांनी स्वतःच्या दाराला कुलूप लावले नाही. आपल्याकडे मंत्र कानावर पडला तर कानात शिसे ओतण्याची शिक्षा ज्यांनी लिहून ठेवली, त्यांच्या विद्येने इतक्या शतकांत बाळंतपणात मरणाऱ्या किती बायका वाचवल्या, याचा हिशेब कुणीतरी मांडावा.

११ एप्रिल १९७२ रोजी बर्सन अचानक गेले. यॅलोबाईंपुढे मोठाच पेच उभा राहिला. त्या वैद्यकीय डॉक्टर नव्हत्या, आणि डोके बर्सनचे, बाई फक्त मोजमाप करणारी, अशी कुजबुज होती. त्यांनी प्रयोगशाळेला बर्सन यांचे नाव दिले, म्हणजे यापुढच्या प्रत्येक शोधनिबंधावर ते छापले जाईल, आणि पूर्वीपेक्षा जास्त कामाला लागल्या. १९७७ मध्ये वैद्यकशास्त्राचे अर्धे नोबेल त्यांना मिळाले. या विषयात ते मिळवणाऱ्या त्या जगातल्या दुसऱ्याच बाई. नोबेल मृताला देत नाहीत, म्हणून बर्सन त्यात नाहीत. निवृत्त होईपर्यंत, म्हणजे १९९१ पर्यंत, त्या त्याच सरकारी रुग्णालयात राहिल्या. ३० मे २०११ रोजी ब्राँक्समध्येच त्यांचे निधन झाले.

एका बाबतीत आमचा त्यांच्याशी मतभेद आहे आणि तो लपवायचे कारण नाही. बायका शास्त्रज्ञांच्या वेगळ्या संघटना त्यांना पसंत नव्हत्या. बाईला वेगळी वागणूक नको, संधी द्या, ती सिद्ध करेल, अशी त्यांची धारणा. एवढे सोसलेल्या माणसाने असे म्हणावे याचे आम्हाला नवल वाटत नाही. एकट्याने डोंगर चढलेल्याला वाट बांधायची गरज कळत नाही, असे पुष्कळदा होते. आमच्या साहेबलोकांतही असे नमुने कमी नाहीत. पण त्यांच्याच आयुष्यात सरकारी वाचनालय, फुकट कॉलेज, सरकारी दवाखाना आणि युद्धाने रिकामी केलेली जागा यांतले काय वगळता येईल? ज्या मुलींना लघुलिपीची पुस्तके फाडायची संधीच मिळाली नाही, त्या किती होत्या? संघटना त्यांच्यासाठी असते.

बाबासाहेबांनी ही गोष्ट व्यक्तीच्या कर्तबगारीवर सोडली नाही. १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात कामगार बायकांच्या बाळंतपणाच्या हक्काच्या बाजूने ते बोलले. १९३८ मध्ये त्यांच्या स्वतंत्र मजूर पक्षाने संततिनियमनाचा ठराव मांडला. १९४३ मध्ये मजूरमंत्री असताना त्यांनी खाणीत काम करणाऱ्या बायकांच्या प्रसूती लाभाच्या कायद्यात दुरुस्ती आणली. उमरेडच्या कोळशाच्या पट्ट्यात राहणाऱ्यांनी हे विसरू नये.

आणि म्हणून पट्टीवर समाधान मानून चालणार नाही. पट्टी हो किंवा नाही एवढेच सांगते. गर्भ पिशवीत न राहता नळीत राहिला, तरी तिच्यावर दोन रेघा येतात. द्राक्षगर्भ असला तरी दोनच रेघा. निरोगी गर्भात सुरुवातीच्या आठवड्यांत एचसीजी साधारण दोन दिवसांत दुप्पट होत जाते. नळीतल्या गर्भात बहुधा ते रेंगाळते. हे कळायला दोन दिवसांच्या अंतराने दोनदा रक्त द्यावे लागते, दोन आकडे लागतात, आणि सोबत सोनोग्राफी. ते कळले नाही तर नळी फुटते आणि बाई रक्तस्रावाने काही तासांत जाऊ शकते. उमरेडहून नागपूर सुमारे ४५ किलोमीटर. रोजी बुडवून, बसचे भाडे भरून, पहिल्या आकड्यासाठी एकदा आणि दुसऱ्यासाठी पुन्हा, असे जाणे मजूर बाईला परवडते का? उमरेडच्या महिला मंडळांनी विहारातल्या बैठकीत ठरवून ग्रामीण रुग्णालयात एक अर्ज द्यावा. त्यात एवढेच विचारावे, की बीटा एचसीजीसाठी रक्त इथे घेतले जाते का, त्याचे पैसे पडतात का, आणि रिपोर्ट कोणत्या दिवशी हातात येतो. उत्तर लेखी मागावे.